काकांच्या अर्जातला माझा शब्द

गिरणी संपाच्या दिवसांत मी कॉलेज सोडून पत्रकं लिहीत होतो. मालक कसे खोटं बोलतात, हा माझा हातखंडा मजकूर. ते खोटं बोलतच होते, त्यातली एक ओळ आजही मागे घेणार नाही. पण हे माझ्या खोट्याबद्दल आहे.

गिरगावातल्या एका रद्दीवाल्याकडे मला वापरातून गेलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश मिळाला. कोणी जेवत असताना आपल्यालाही बोलावेल म्हणून टक लावून बघत राहणं, याला ‘ग्रोक’. कामाचं नुसतं सोंग करणं, ‘फजेल’. आणि ‘लॅट्रोसिनी’ म्हणजे दरोडेखोरी. साहेबालाही न येणारे शब्द मला येतात, याची मस्ती होती.

लालबागच्या आमच्या चाळीत अर्ज इंग्रजीत लागायचा आणि तोही भारी. मी सोपं लिहून दिलं तर लोकांना फसवल्यासारखं वाटायचं. “एवढंच? जरा जड शब्द टाक ना रे!”

संप मोडल्यात जमा झाला तेव्हा शेजारचे काका आले. विणकर, मूळचे मालवणकडचे. परत कामावर घ्या, असा अर्ज हवा होता.

“वाकडातिकडा काय लिवू नको हां. माका कामार जावचा आसा.”

मला संताप आला. मालकापुढे हात जोडायचे? हात जोडणार होते ते काका, मी नव्हे, हे काही सुचलं नाही. नम्र विनंतीच्या मधोमध मी ठोकून दिलं, की कंपनीच्या लॅट्रोसिनीमुळे माझ्या कुटुंबावर ही वेळ आली. काकांनी त्या लांबलचक शब्दावर बोट ठेवलं.

“ह्या काय?”

“हालअपेष्टा.”

“बेस!” म्हणाले आणि सही केली.

चार दिवसांनी मिलच्या लेबर ऑफिसरने त्यांना बोलावलं. त्याने कुठून तरी अर्थ शोधून काढला होता. काकांना सांगितला नाही, फक्त त्याच शब्दाखाली लाल रेघ मारून विचारलं, हे कुणी लिहून दिलं? नाव सांग, उद्यापासून कामावर ये.

काका म्हणाले, “अर्ज माझो, सही माझी.”

अर्ज तिथेच फाटला. संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. “असा काय लिवलंस रे? खरा सांग.”

तेव्हाही सांगता आलं असतं. गेटपर्यंत चालत पाच मिनिटं. जाऊन म्हणता आलं असतं, शब्द माझा आहे, यांना घ्या. मी म्हणालो, “काही नाही काका. त्या साहेबालाच इंग्लिश येत नाही.”

ते खदखदून हसले. मजल्यावर प्रत्येकाला सांगत सुटले, “सायबाक इंग्लिश येणा नाय!” मग रे रोडला लाकडाच्या वखारीत ओझी उचलायला जाऊ लागले. साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेल्या सुताची गाठ मारणारे हात ते. वर नवी गिऱ्हाइकं माझ्याकडे आणत राहिले, “ह्येच्याकडून लिवून घेवा, पोरगो हुशार आसा.” त्या सगळ्यांचे अर्ज मी साध्या इंग्रजीत लिहिले. त्यातल्या काहींना परत घेतलं. काकांना नाही.

आता त्यांची कंबर गेली आहे. तो किस्सा अजून सांगतात आणि मी तिथे असलो तर टाळीसाठी हात पुढे करतात. मी टाळी देतो.

काका मराठी वाचतात. हे छापून आलं की कोणी दाखवण्याआधी मीच नेऊन देईन, असं आत्ता तरी म्हणतोय.