नातवाच्या तोंडावरचा रवा

नातवाच्या बारशाला माझी लेक बंगळुरातच अडकली. रजा मिळाली नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तिचा. ते काम शेजारणीने पार पाडलं. "पाळण्याचा व्हिडिओ तरी नीट काढ गं आई, बाळाचं तोंड दिसू दे," असं तिने चारदा बजावलं होतं. मुलाने मोबाइलमध्ये व्हिडिओच्या स्वच्छपणाचा सगळ्यात मोठा आकडा लावून दिला. चित्र लई स्वच्छ येतंय म्हणाला.

चार बायका जमल्या की मी दाराआड जाते. त्या दिवशीही स्वयंपाकघराच्या दारातूनच मोबाइल धरला आणि काचेवर दोन बोटं फाकवून पाळणा जवळ ओढला. पाळणा माजघरात, भोवती बायकांचं कडं, वर एकच बल्ब.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, बाळाच्या तोंडावर रवा सांडलाय काय गं? नाक कुठलं, डोळं कुठलं, कायच कळंना." ती हसत होती, पण आवाज ओला होता.

"पाठवताना बिघडलं असंल," म्हणून मुलाने दुसऱ्या रीतीने पाठवला. रवा तसाच. मी पदराने काच पुसून पाहिली. पण झालेलं बारसं काच पुसून परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळण्यात नारळ ठेवला, त्याला टोपडं घातलं. स्वयंपाकघरातून तसाच जवळ ओढून व्हिडिओ काढला, रवाच. पाळण्याजवळ जाऊन, न ओढता काढला, तर थोडा कमी. मग नारळ बाहेरच्या दारात उजेडाला आणला. शेंडीची एकेक काडी दिसली! मोबाइल चांगलाच होता. अंधार होता, आणि मी लांब उभी होते.

"आई, नारळाचं बारसं चाललंय व्हय?" सून मागे उभी होती. मी लाजले, पण सांगितलं सगळं.

"मग बोलवा की बायकांना परत. पाळणा तेवढा म्हणतील."

आमच्या पिरनवाडी गावात इतकी वर्षं राहून मी कुणाकडे काही मागायला गेले नव्हते. त्या दिवशी पाच घरी गेले. रविवारी सकाळी पाळणा बाहेरच्या दाराशी मांडला. मी बायकांच्या मध्ये, बाळापासून हातभर अंतरावर उभी राहिले.

"आज दाराआडनं बाहेर आलीस की गं आक्का!" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या आणि पाळणा म्हणू लागल्या.

व्हिडिओ पाठवला, तसा लगेच फोन आला. "नाक माझ्यावाणी हाय की गं! आणि आई, तूबी गातीयास, सगळ्यांत मोठ्यानं." मला पत्ताच नव्हता.

मग म्हणाली, "फोन बाळाच्या कानाजवळ धर."

मी धरला. तिने कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बाळाने एक डोळा उघडला, जांभई दिली आणि परत झोपलं.