मालक : चांगुणाबाई

नाशिकच्या एका वसतिगृहाच्या ऑफिसात चांगुणाबाई अहिरे एकोणीस वर्षं कारकुनी करत होत्या, आणि साहेब टेबलाशी आले तरी त्या बसून राहिल्या, असं एवढ्या वर्षांत कधी झालं नाही. हीच अदब त्यांना नडली.

मंगळवारी त्या डबा उघडत होत्या, तेवढ्यात संस्थेचे सचिवसाहेब आले. "बाई, जरा उठता का? एक यादी बघायचीय." बाईंनी खुर्ची दिली आणि डबा घेऊन त्या खिडकीशी गेल्या. कॉम्प्युटर त्यांच्याच नावाने उघडा होता. तो बंद करून खुर्ची द्यायची, म्हणजे साहेबांवर संशयच की!

प्रवेशाच्या यादीतून दोन पोरींची नावं गेली, दोन नवी आली. आईबापांनी बोंब मारली, चौकशी बसली. चौकशीच्या अधिकाऱ्याने फाइलची माहिती उघडून स्क्रीन बाईंकडे फिरवला. शेवटचा बदल मंगळवारी, एक चाळीसला. बदल करायचा हक्क फक्त फाइलच्या मालकाला, म्हणजे ती ज्याच्या नावाने बनली त्याला. बाकी सगळ्यांना, अगदी सचिवांनाही, नुसता वाचायचा. म्हणून तर त्यांना बाईंची खुर्ची लागली होती.

"मी तेव्हा जेवत होते हो," बाई म्हणाल्या.

"फाइल खोटं बोलत नाही," सचिवसाहेब नजर चुकवत म्हणाले.

बाईंनी वरची ओळ वाचली. सटाण्याची जमीन भावाच्या नावावर, सिडकोतलं घर नवऱ्याच्या. 'मालक' या शब्दापुढे त्यांचं नाव जन्मात पहिल्यांदाच लागलं होतं.