ओवाळलेला बैल

शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, सरकारी परवानगी मिळाली आणि माझ्या नशिबी ही ड्युटी आली. जनावरांच्या डॉक्टरनं तपासल्याशिवाय पटावर बैल सोडायचा नाही, असा नियम. नियम झकास आहे हो, पण डॉक्टर कुठाय? घाटंजीचा दवाखाना माझ्याकडे, झरी जामणीचा अतिरिक्त प्रभारही माझ्याचकडे. खुर्च्या दोन, बूड एक!

त्या दिवशी सरकारचं पथक म्हणजे मी, एक पोलीस आणि तहसीलमधले कारकूनसाहेब. पोलीस गर्दी आवरायला आलेला, तो सगळ्यात पुढे उभा राहून शिट्ट्या मारत होता. कारकूनसाहेब मांडवात आलुबोंड्यांची तपासणी करत होते. चित्रीकरण बंधनकारक, म्हणून लग्नाचं शूटिंग करणारा बोलावलेला. तो बैलांना म्हणे, "जरा इकडं पाहा!" बैल बिचारे पाहतसुद्धा होते.

तेवढ्यात तांड्यावरचा एक म्हातारा जोडी घेऊन आला. नजर लागू नये म्हणून पटाच्या बैलाच्या पायात काळा दोरा बांधतात, एक-दोन फेरे. यानं डाव्या बैलाच्या पुढच्या पायाला तो मफलरसारखा जाडजूड गुंडाळलेला. मी दोऱ्याखाली बोट घातलं. सांधा सुजलेला, तव्यासारखा तापलेला.

"बाबा, हा नाही धावणार."

"घरून ओवाळून आणला जी, बाई. ओवाळला बैल पटावरून माघारी फिरवत नसतात. तांडाभर शोभा होईन माही. अन् आता म्हातारा झाला तो, पुढच्या साली काय धावते?"

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "बाईले काय समजते पटातलं!" कारकूनसाहेबांनी बोंडा चावत तोंड घातलं, "मॅडम, एकच तर दौड आहे. अॅडजस्ट करा ना."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, तुमचा पाय असा सुजवून आणा, मग तुम्हालाच जुंपते!" अख्खा मांडव हसला, साहेब सोडून.

म्हातारा मात्र हलेना. डोळ्यांत पाणी. मला त्याचा संतापही आला होता आणि कीवही येत होती. शेवटी म्हटलं, "माघारी फिरवायचा नाही ना? मग पुढं न्या. जू नको, छकडा नको. याचा एकट्याचा कासरा धरा आणि चालत पट पार करा."

असं करा म्हणून कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. करू नका म्हणूनही नाही. मी सोबत चालले.

माइकवाला चेकाळला, "आता पाहा मंडळी, जिल्ह्यातला सर्वांत सावकाश बैल!" लोक खिदळले. वेळ मोजणाऱ्यानं निवांत तंबाखू मळायला घेतली.

अर्ध्या पटावर बैल थांबला. पुढचा पाय वर धरून उभा राहिला. म्हाताऱ्यानं आधी कासरा ओढला, मग ओढायचा थांबला. खाली बसून दोरा सोडू लागला. सगळा दोरा सुटला तेव्हा ती सूज उघडी पडली. माइकवाल्यानं माइक खाली घेतला.

"लय दुखते का रे, राजा?" म्हाताऱ्यानं पायावर हात ठेवून विचारलं. बैलानं मान वळवून त्याचं मुंडासं हुंगलं.

म्हातारा माझ्याकडे बघेना. दोरा मुठीत चुरगाळत मातीकडे पाहूनच बोलला, "लोकायच्या नजरेसाठी बांधला व्हता, बाई. नजर माहीच लागली याले."