कलगी-तुऱ्याच्या फडातून कॉलेजात

अर्जात एक रकाना होता. शाळेच्या अभ्यासाखेरीज तुम्ही काय करता, असं त्यात उर्दूत विचारलं होतं; राज्य निजामाचं होतं. बीडच्या आमच्या शाळेतून औरंगाबादच्या कॉलेजसाठी अर्ज भरणारी आम्ही चार मुलं. बाकीच्या तिघांनी हॉकी लिहिली. त्यांतल्या एकाने हॉकीची काठी फक्त हेडमास्तरांच्या खोलीत, कोपऱ्यात उभी असलेली पाहिली होती.

"तू बी लिव्ह की बे," तो मला म्हणाला. "तितं कोन तुला चेंडू आनून देनार हाय?"

खोटं लिहायचं धाडस मला झालं नाही. मी "काही नाही" असं लिहिलं. पण तेही खोटंच होतं, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं.

आमचं गाव धारूरच्या डोंगरकडेला. तिथं कलगी-तुऱ्याचे दोन फड आहेत आणि लहानपणापासून मी तुऱ्याच्या फडात डफ वाजवत आणि गात आलो. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, आम्ही तुरेवाले शिवाला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही फड समोरासमोर बसतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही की डफ जमिनीवर पालथा ठेवायचा, म्हणजे हरलो.

आमचे वस्ताद पिंजारी. गावोगाव हिंडून गाद्यांचा कापूस पिंजायचे आणि पिंजता पिंजता कवनं जुळवायचे. त्यांचा एक दंडक होता. समोरून सवाल आला की लगेच जवाब द्यायचा नाही. आधी तो सवाल आपल्या तोंडाने म्हणायचा, समोरच्याने म्हटला त्याहून चांगला म्हणायचा. त्याने मान डोलावली की मग आपला जवाब. एकदा मी घाई केली, तर भर फडात त्यांनी माझ्या हातातला डफ काढून घेतला.

"कावून रं? त्याचं घर आजून बघितलं न्हाईस आन् पाडाया निगालास?"

कलगीवालेसुद्धा हसले.

बीडला शिकायला आल्यावर, मी फडात डफ वाजवतो हे एका मास्तरांना कळलं. त्यांनी वर्गात मला "तमाशगीर" म्हणून उभं केलं. तेव्हापासून मी डफाचं नाव काढलं नाही. औरंगाबादला निघालो तेव्हा वडीलही वाटेत मला तेच बजावत होते. "त्या डफाचं तितं काडू नगंस. मोटी मानसं असत्यात." वडिलांना अक्षरओळख नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नाही.

आम्ही जालन्यापर्यंत लॉरीने गेलो आणि तिथून आगगाडीने. आगगाडी मी पहिल्यांदाच पाहत होतो. डबा हलला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी भीती विसरलो.

कॉलेजात मला प्रवेश मिळाला असता, पण राहायचं कुठं हा प्रश्न होता. बोर्डिंगात मोफत जागा थोड्या होत्या आणि त्या नुसत्या मार्कांवर मिळत नव्हत्या. माझे मार्क बेताचेच. जागा मिळाली नाही तर वडिलांबरोबर परत जायचं आणि तहसील कचेरीत कागदांच्या नकला करायच्या, असं घरी ठरलं होतं. ते काम वाईट आहे असं नाही. पण मला ते नको होतं.

त्या जागांसाठी मुलं पारखायला मोठ्या हॉलमध्ये प्रिन्सिपलसाहेब आणि दोन प्रोफेसर बसले होते. तिघेही शेरवानीत. मुलांना दोघा-दोघांनी बोलावून एका विषयावर उलटसुलट बोलायला लावत होते. माझ्या जोडीला एका वकिलाचा मुलगा आला. उंच, टापटीप, आणि उर्दू अशी की ऐकत राहावं. विषय निघाला आगगाडीचा. तिने मुलखाचं भलं केलं, हे त्याने मांडायचं. नुकसान केलं, हे मी. आदल्या दिवशी खिडकीला नाक लावून बसलेला मी!

तो छान बोलला. प्रवास सोपा झाला, टपाल लवकर येतं, दुष्काळात दूरच्या प्रांतातलं धान्य येऊन माणसं वाचतात. मग मला खूण झाली.

मी उभा राहिलो. आणि सवयीने, खरंच नुसत्या सवयीने, मी त्याच्याकडे तोंड केलं आणि त्याचंच म्हणणं सांगायला लागलो. धान्याचा मुद्दा त्याने एका वाक्यात उरकला होता. मी तो खुलवून सांगितला. स्टेशनाबाहेर लागलेल्या बैलगाड्या सांगितल्या, पोत्याचं तोंड सोडल्याबरोबर पुढे येणारे हात सांगितले. शेवटी त्याला विचारलं, "तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना?"

तो गोंधळला. मग त्याने मान डोलावली.

भिंतीकडेला बसलेली मुलं हसायला लागली. एक प्रोफेसर म्हणाले, "मियाँ, आप किस तरफ हैं?" तेव्हा कुठे मी काय करून बसलो ते माझ्या ध्यानात आलं. अर्धा वेळ संपला होता. पण फडात इथपर्यंत आलं की मागे फिरता येत नाही. मान डोलली, आता जवाब दिलाच पाहिजे.

मी म्हणालो, हे सगळं खरं आहे. पण आमच्याकडे पूर्वी ज्वारी पेवात असायची. जमिनीत खोल खड्डा, वर माती. दोन-दोन वर्षं दाणा टिकायचा. आता पीक निघालं की बैलगाड्या भरून बार्शीला जातात, कारण तिथं आगगाडी आहे आणि व्यापारी वाट बघतो. आमच्या गावातली पेवं रिकामी पडली आहेत, पोरं त्यांत लपंडाव खेळतात. पाऊस हुकला की तीच आगगाडी आम्हाला दाणा आणून देणार, आणि तिचे आभार मानायचे. माझ्या मित्राने तिच्यातून येणारा दाणा पाहिला. मी तिच्याकडे जाणारा दाणाही पाहिला आहे.

उर्दू माझी ओबडधोबड होती, दखनीच जास्त. पण हसू थांबलं होतं.

प्रिन्सिपलसाहेबांनी माझा अर्ज वर उचलला. "इथं तर तुम्ही 'काही नाही' लिहिलंय. मग हे कुठं शिकलात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी फड सांगितला, डफ सांगितला, पिंजारी वस्ताद सांगितले, त्यांचा दंडक सांगितला. एका प्रोफेसरांनी विचारलं, "म्हणजे तमाशा?"

"नाही हुजूर," मी म्हणालो. "सवाल-जवाब."

साहेबांनी टाक माझ्यापुढे केला. "सकाळपासून तीन संघ होतील इतके हॉकीवाले आलेत. दुसऱ्याचं आधी ऐकून घेणारा एकच आला. हे खोडा आणि खरं लिहा."

मी लिहिलं. तुऱ्याचा फड, डफ, सवाल-जवाब.

दुपारी जमादाराने बोर्डिंगची यादी वाचली. तिच्यात माझं नाव होतं. वडील फाटकाबाहेर लिंबाखाली बसले होते. मी धावतच गेलो.

"काय म्हनले रं सायेब?"

"जागा भेटली."

"मार्कावर?"

"डफावर."

एकदम हसू फुटलं त्यांना. "आता ह्ये वस्तादाला म्या कसं सांगू? छातीवर बसून वाजवील की त्यो माज्या!"

तेवढ्यात वकिलाचा मुलगा आला. त्यालाही जागा मिळाली होती. त्याने माझ्या वडिलांना वाकून सलाम केला. "चाचा, तुमच्या मुलाने माझं भाषण माझ्यापेक्षा चांगलं केलं." वडिलांनी उठून त्याला उलट सलाम केला, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, टांगेवाल्यालाही, "माजा ल्योक हाय, कालिजात लागला" असं सांगायला सुरुवात केली. मला लाज वाटत होती आणि त्यांनी थांबू नये असंही वाटत होतं.

निघताना त्यांनी आपलं गाठोडं सोडलं. वाटेत थंडी वाजेल म्हणून स्वतःसाठी घेतलंय, असं ते म्हणाले होते. आत माझी घोंगडी होती, माझा तांब्या होता, आणि आईने माझ्या अंगाच्या मापाने शिवलेले दोन नवे सदरे.

"राहाया लागंल म्हून आनलं," ते म्हणाले.

ते सगळं छातीशी धरून मी बोर्डिंगच्या दाराशी गेलो. जमादाराने नाव विचारलं. मी मोठ्याने सांगितलं.