लसणाच्या वासाचं इंजेक्शन

आमचं हिंगणघाटला धान्याचं दुकान होतं. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी गळ्यात तुळशीची कंठी घातली त्या दिवसापासून घरात कांदा-लसूण बंद झाला. मी नाचणगावची, लसणाच्या फोडणीवर वाढलेली; पण माझं ऐकतो कोण?

माझे यजमान अंगानं काटकुळे. आत्याबाईंच्या डोळ्यांत ते खुपायचं. त्यांनी एका फिरत्या वैद्याकडून सोमलाचं भस्म आणलं आणि रोज सकाळी मधात कालवून स्वतःच्या बोटानं त्या यांना चाटवू लागल्या. तिशीचा माणूस, दुकान चालवणारा, आणि जीभ बाहेर काढून आईसमोर उभा. मला हसू दाबावं लागे.

हसू फार दिवस टिकलं नाही. यांच्या तळपायांची आग व्हायला लागली, मग उलट्या. एकदा तोलताना वजन हातातून सुटून पायावर पडलं आणि यांना कळलंच नाही; गिऱ्हाईकच ओरडलं. तेव्हा यांना वर्ध्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी यांची नखं पाहिली. प्रत्येकावर आडवी पांढरी रेघ होती. "कोणतं औषध चालू आहे?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघींनी सांगितलं, कोणतंच नाही. ते खोटंही नव्हतं. आमच्यात औषध म्हणजे आजारी माणसाचं. भस्म ताकदीचं, बदामाच्या शिऱ्यासारखं. त्याला औषध कोण म्हणतं?

लघवी तपासून आल्यावर डॉक्टर म्हणाले, "अंगात आर्सेनिक गेलंय." तो शब्द आम्हाला नवा होता. "दुकानात उंदरांचं औषध ठेवता?"

ठेवत होतो.

"मग तेच असणार."

त्यांनी एक नवं इंजेक्शन नागपूरहून मागवलं. ते अंगातल्या विषारी धातूला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं, असं त्यांनी समजावलं. परदेशात तर म्हणे अणुबॉम्बच्या कारखान्यातल्या माणसांच्या अंगात गेलेले किरणोत्सर्गी धातूसुद्धा अशाच जातीच्या औषधांनी काढून पाहतात.

"त्यानं बॉम्ब काऊन खाल्ला असंल?" आत्याबाई म्हणाल्या. "घरचंच जेवते तो."

इंजेक्शन शेंगदाण्याच्या तेलातलं, कंबरेखाली खोल टोचायचं. हे उशी चावत. आणि थोड्या वेळानं यांच्या तोंडाला लसणाचा भपकारा येई. आत्याबाईंनी नाक लावून वास घेतला आणि माझ्याकडे वळल्या.

"सूनबाई, काय चारलं तू त्याले?"

"मी काऊन चारीन? इंजेक्शनचा वास हाय तो."

"सुई ढुंगणात अन् वास तोंडाले? येडी समजून राह्यली का मले?"

शेवटी कंपाउंडरनं औषधाची फुटकी कुपी त्यांच्या नाकाखाली धरली, तेव्हा कुठे माझी सुटका झाली. इंजेक्शन बंद करा असं काही त्या म्हणाल्या नाहीत. लेकाचा जीव मोठा होता. पण लसूण अंगात गेला म्हणजे अंग बिघडलं, त्याला उतारा हवा. त्यांनी भस्माची डबी घरून मागवली आणि खाटेवर सकाळचं चाटण पुन्हा सुरू केलं, पहिल्यापेक्षा थोडं जास्तच.

उलट्या थांबेनात. लघवीतून विष भरपूर निघत होतं, तरी माणूस खंगतच चालला होता. "एवढं येतंय कुठून?" डॉक्टर डोकं धरून बसले. यांच्या जगण्याची खात्री देता येत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मी व्हरांड्यात जाऊन हमसून हमसून रडले.

एका सकाळी डॉक्टर रोजच्यापेक्षा लवकर आले. आत्याबाईंचं बोट यांच्या तोंडात होतं.

"काय देताय, आई?"

"सोमल," आत्याबाई मोठ्या मानानं म्हणाल्या. "ताकदीचं हाय."

डॉक्टरांनी डबी हातात घेतली. ते रागावलेसुद्धा नाहीत. "आई, मी हेच काढतोय," ते म्हणाले.

मला इतका संताप आला की ती डबी गटारात फेकावी आणि मागोमाग आत्याबाईंनाही. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. हे पुढे वाचले, ते आत्ताच सांगून टाकते. कोणाचा जीव टांगणीला ठेवायची मला हौस नाही.

दुपारी कंपाउंडर सुई भरून आला, तर आत्याबाई खाटेच्या आड उठून उभ्या राहिल्या. त्याच्याकडे पाठ केली आणि कासोटा सैल केला. परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी बाई ती.

"आधी मले दे."

"माय, तुमच्या अंगातून काय काढू?"

"मले काय ठाऊक? मीच चारलं ना त्याले. दे."

औषध मोजकंच होतं. त्यानं मान खाली घातली आणि यांना सुई दिली. हे कण्हले. तो गेला तरी आत्याबाई तशाच भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, लुगडं मुठीत धरून, सुईची वाट पाहत. मी उठले आणि त्यांचा कासोटा खोचून दिला.