बजरंगच्या भिंतीवरचं लगीन

माजलगावात गुफरान पेंटर म्हनून एक मानूस हाय. वय असंल चाळीसाच्या पुढं दोन-तीन. अंगानं बारीक, बोलनं कमी, अन् कानावर कायम एक पेन्सिल. आधी तालुक्यात कुनाचीबी उसाची ट्रॉली बगा, मागच्या फळीवर मालकाच्या पोराचं नाव गुफराननंच लिवलेलं असायचं. त्याच्या अक्षराला पोट असायचं बगा. सातव्या महिन्याची बाई कशी कमरेवर हात ठिवून हुबी ऱ्हाती, तसा त्याचा ‘ज’ हुबा ऱ्हायचा, अन् मागं काळी सावली. ज्याला वाचता येत न्हाई त्यालाबी लांबून कळायचं, हे गुफरानचं हाय म्हनून.

लगीनघरची भिंत तर दुसरं कुनी लिवायचंच न्हाई. आपल्याकडं लगीन निघालं की रस्त्याकडच्या भितीला चुना द्यायचा, दोन अंगाला दोन हत्ती काडायचे अन् मधी नवरा-नवरीची नावं लिवायची. पोरगी सासरी जाती, पन तिचं नाव पाच-पाच, सा-सा वर्सं माहेरच्या भितीवर ऱ्हातंय. येनारा-जानारा वाचतो. आईला जरा बरं वाटतं.

मग फ्लेक्स आलं. रात्रीत छापून मिळतंय, वर नवरा-नवरीचा रंगीत फोटो. गुफरानचं काम हळूहळू आटलं, अन् तीन वर्सं झाली, त्यानं ब्रश हातात धरला न्हाई. आता तो जलालुद्दीनच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला हाय. छापलेलं फ्लेक्स लाकडाच्या चौकटीला ठोकायचं अन् चौकात नेऊन बांधायचं. घरी त्याची शिडी, डबे, ब्रश, समदं संडासाच्या मागं पडलेलं.

अन् यंदा एक दिवस चकलांब्याहून राधाकिशनचा फोन आला.

“गुफरानभाई, माझ्या थोरलीच्या, तेजश्रीच्या लग्नात तुमीच भिंत लिवलती, आठवतंय का?”

“आठवतंय की. बारा वर्सं झाली.”

“आता धाकटीचं हाय, राजनंदिनीचं. पोरगा कड्याचा, रविराज नावाचा. ती म्हनती, मला फोटोचं फ्लेक्स नको, ताईसारखंच भितीवर पायजे. मंगळवारी हळद हाय. तुमी आयतवारी याच.”

गुफरान “येतो” म्हनून गेला. फोन ठिवला. घरी जाऊन त्यानं एक जुना डबा उघडला, खोक्याचा पुठ्ठा घेतला अन् ‘राजनंदिनी’ लिवून बगितलं. हात चांगला सरळ चालला. पन अक्षर आलं ते फ्लेक्सवरचं! काँप्युटरमधलं, ताठ, एका मापाचं. पोट न्हाई, सावली न्हाई. चारदा लिवलं, चारीबार तेच. तीन वर्सं जे रोज डोळ्यांपुढं व्हतं तेच हातात उतरलं व्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ही गोष्ट जलालुद्दीनला सांगितली. जलालुद्दीन पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडात सुपारी. त्यांचं बोलनं दखनी उर्दूत व्हतं, मी आपल्या बोलीत सांगते.

“हात गेला असंल तर गेला बे,” जलालुद्दीन म्हनला. “शिडी-डबे इकून टाक अन् कायमचा माझ्या मशीनवर बस. मलाबी कायमचा मानूस पायजेच हाय.”

“चकलांब्याची भिंत करून येतो,” गुफरान म्हनला. “मग सांगतो. न्हाई जमलं तर शिडी तूच घे.”

“मी शिडीवर चढलो तर शिडी मरंल,” जलालुद्दीन म्हनला.

पन गुफरानच्या डोक्यात दुसरंच चाललं व्हतं. वीस वर्सांपूर्वी याच दुकानात जलालुद्दीनचं सायबर कॅफे व्हतं. चार काँप्युटर, मधी पडदे. तवा गुफरान दुपारचा तितं एक गेम खेळायला जायचा. गेम कसला? भितीवर लिवायचा. एक मोठं शहर हाय, तितल्या राज्य करनाऱ्यानं हुकूम काडलाय की कुनीबी भितीवर लिवायचं न्हाई. अन् एक पोरगं हाय, ते रंग फवारायचा डबा घेऊन पाइपावर चढतंय, पुलाखाली लोंबकळतंय अन् जितं बंदी हाय तितंच आपलं नाव लिवून येतंय. पोलीस आले की पळायचं. गुफरान समद्यांला सांगायचा की माझी अक्षरं त्या गेमातून आली. कुनी तारीफ केली की म्हनायचा, “माझं काय न्हाई, गेमातलं हाय.”

मग आता हातातून गेलं असंल तर जितून घेतलं तितूनच परत घेऊ, असं त्याच्या मनानं घेतलं.

शुक्करवारी नमाज झाल्यावर जलालुद्दीननं माळ्यावरचा जुना काँप्युटर खाली काडला. धूळ झाडली, वायरी लावल्या. चालू झाला तर आवाज मिक्सरसारखा. गुफरानची पोरगी उज्मा, नववीतली, शाळेतून सरळ दुकानात आली अन् बापाच्या शेजारी स्टूल वडून बसली.

पडद्यावर ते पोरगं आलं. उज्मा हसाय लागली.

“अब्बू, ह्याचं तोंड तर तेलाच्या डब्यासारखं हाय!”

“तवा लई भारी वाटायचं गं.”

“अन् बोटं बगा. पाची बोटं चिकटलेली. ह्यो ब्रश कसा धरनार?”

गुफरान खेळाय लागला. पाइपावर चढला अन् पडला. परत चढला, परत पडला. तिसऱ्या टायमाला पोलिसानं धरलं. उज्मानं त्याचा हात बाजूला सारला, “द्या इकडं,” म्हनली अन् पाच मिनिटांत पोराला पुलावर नेऊन हुबं केलं. पोरगं भितीपुढं गेलं, फुस्स आवाज आला अन् भितीवर अक्षरं उमटली.

गुफरान पुढं वाकला. मग चष्मा काडून पुसला, परत घातला.

काय व्हतं तितं? एबीसीडी. तीबी टोकदार, काट्याकुट्यावानी, एकमेकांत अडकलेली. पोट न्हाई. सावली हाय, पन ती भलतीकडंच. उज्मानं दुसरी भिंत लिवली, तिसरी लिवली. समदं तसंच.

“हे न्हाई,” गुफरान म्हनला. “दुसरा गेम असंल.”

“ह्योच हाय,” जलालुद्दीन म्हनला. “गेमाच्या सीडीवर तुझ्या हातचा रंग लागलाय बग.”

“मग माझा ‘ज’ कुठं हाय?”

“अरे येड्या, गेमात आपली मराठी व्हतीच कुठं?” जलालुद्दीननं कपाळाला हात लावला. “वीस वर्सं झाली, तू सांगतो अन् आमी ऐकतो. कुनाच्या डोक्यातबी आलं न्हाई. तू इतं बसून गेम खेळायचा अन् खेळता खेळता माझ्या हिशोबाच्या वहीवर भलतंच काडायचा. ते तुझंच व्हतं बे!”

उज्माला लई आनंद झाला. “अब्बू, म्हंजे तुमीच काडलं!”

पन गुफरानला आनंद झाला न्हाई. खरं सांगायचं तर तो जास्तच भ्याला. गेमातलं असतं तर गेमातून परत आनलं असतं. आता आपलंच असंल तर आनायचं कुठून?

आयतवारी पहाटंच बापलेक गाडीवर निघाले. शिडी आडवी बांधलेली, डबे उज्माच्या मांडीवर. गेवराई मागं टाकून चकलांब्याला पोचले तवा ऊन कवळं व्हतं. राधाकिशन अन् त्याची बायको पत्रिका वाटायला कड्याकडं गेलते. राजनंदिनी मामाकडं केळवनाला, म्हनून घराला कुलूप. राधाकिशन फोनवर म्हनला व्हता, “तुमाला घर माहीत हाय, सुरू करा.”

घर माहीत व्हतंच. गुफरान सरळ बारा वर्सांपूर्वीच्या त्याच भितीपुढं जाऊन हुबा ऱ्हायला. तेजश्रीचं नाव पार गेलं व्हतं, पन एका हत्तीची सोंड चुन्याखालून अजून दिसत व्हती. त्यानं चुना कालवला, त्यात चिमूटभर नीळ टाकली अन् दोन हात दिले. वाळंपर्यंत दोरा निळीत बुडवला. एक टोक उज्माकडं, एक त्याच्याकडं, मधी चिमटीत धरून सोडला की टप्प करून सरळ निळी रेघ. असल्या चार रेघा मारल्या. शेजारच्या दारातून एक बाई आली, सत्यशीला तिचं नाव. दोघांला च्या दिला, उज्माला म्हनली, “माय, उन्हात बसू नको, इकडं सावलीला ये,” अन् तितंच उंबऱ्यावर गहू निवडत बसली.

आता खडू घेऊन नाव आखायचं व्हतं. गुफराननं ‘रा’ काडला. फ्लेक्सवानी आला. फडक्यानं पुसला. परत काडला, परत पुसला. असं तासभर. खाली चार मानसं जमली व्हती. ती बगत व्हती, पन कुनी काय बोलत न्हाई. नुसती एकमेकांकडं बगून हसत्यात.

शेवटाला उज्मा म्हनली, “अब्बू, मला गेममधी तुमी सांगितलं न्हाई कसं खेळायचं. मी नुसतं बटन दाबत गेले.”

गुफराननं खडू खिशात टाकला अन् सरळ ब्रशच रंगात बुडवला. आखलंच न्हाई. ‘रा’ आला, बरा आला. मग ‘ज’ घेतला, वरून खाली आनला, अन् मधी ब्रश आपसूक फिरला. पोट सुटलं त्याला! गुफरान शिडीवरच थांबला. मग मागं न बगता लिवत गेला. राजनंदिनी. रविराज. वरची आडवी रेघ तो कायम शेवटाला मारतो, ती मारली. सावल्या भरल्या. हत्ती काडले. दुपार झाली.

अन् फटफटीवर बजरंग आला. ह्यो राधाकिशनचा धाकटा भाऊ, सत्यशीलाचा नवरा. त्यानं गाडी हुबी केली, भिंत बगितली अन् वरडला.

“ए पेंटर! कुनाला इचारून लिवलं बे?”

“राधाकिशनदादांनी सांगितलं.”

“त्याचा काय संबंध? आठ वर्सं झाली वाटनी व्हऊन. ही भिंत माझ्या वाट्याची. त्याची ती पलीकडं, कुलूप हाय ती!”

तवा गुफरानला कळलं की लोक का हसत व्हते. वाटनी आत झाली व्हती, रस्त्यावरून घर एकच दिसत व्हतं. दोघं भाऊ आठ वर्सं बोलत न्हाईत हे समद्या गावाला ठावं, पन कुनी सांगितलं न्हाई. बजरंग आल्यावर काय व्हतंय हे बगायचं व्हतं ना!

उज्मानं बापाचा सदरा वडला. “अब्बू, पळायचं का?”

“गेम हाय का ह्यो?” गुफरान हळूच म्हनला अन् खाली उतरला. “बजरंगदादा, चूक माझी हाय. वीस वर्सांत कुनाच्या भितीला न इचारता ब्रश लावला न्हाई, आज लागला. चुना शिल्लक हाय. आत्ता पुसतो.”

त्यानं चुन्याचा कुंचला उचलला. जीव असा झाला की इचारू नका. तीन वर्सांनी आलेला ‘ज’, अन् आपल्याच हातानं गाडायचा. आता पुसला तर परत येईल का न्हाई, कुनाला ठावं? पन भिंत दुसऱ्याची. त्यानं कडंच्या हत्तीपासून सुरू केलं. हत्तीची शेपटी गेली.

“थांबा!” सत्यशीला गव्हाचं सूप घेऊनच उठली. “अवो, परवा पोरीला हळद लागायची, अन् तुमी तिच्या नावाला चुना फासता?”

“तू इतंच बसलीवती ना? मग सांगितलं का न्हाई त्याला?”

“न्हाई सांगितलं.” सत्यशीला भितीकडं बगत म्हनली. “आपल्याला दोनी पोरं. माझ्या भितीवर पोरीचं नाव कवा येनार व्हतं? आलं तर येऊ दिलं. राजनंदिनीची येनी-फनी मीच केली की लहानपनी.”

बजरंग फटफटीला टेकून हुबा ऱ्हायला. भिंत वाचली. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग त्याच्या तोंडावर येगळाच राग आला.

“भिंत माझी,” तो म्हनला, “अन् हिच्यावर माझंच नाव न्हाई?”

जमलेली मानसं खो-खो हसाय लागली.

“सांगा, लिवतो,” गुफरान म्हनला.

“लिव, ‘काका बजरंग’. अन् बारीक न्हाई लिवायचं.”

“अन् काकू?” सत्यशीलानं इचारलं.

“तीबी लिव बाबा. न्हाईतर मला जेवाय न्हाई मिळायचं.”

गुफराननं दोघांची नावं लिवली. बजरंगच्या ‘ज’लाबी पोट आलं. बजरंगनं आपल्या पोटाकडं बगितलं. हत्तीची शेपटी मात्र परत काडायची ऱ्हायली, बजरंग म्हनला, “असू दे, कळू दे मी किती चिडलो व्हतो ते.”

ऊन उतरायला राधाकिशन आला. रस्त्यावरच हुबा ऱ्हायला. भावाच्या भितीवर आपल्या पोरीचं लगीन, खाली भावाचं अन् भावजयीचं नाव. लई येळ बगत ऱ्हायला. बजरंग दारात व्हता. दोघांची नजरानजर झाली, तेवढंच. आठ वर्सांचं एका दुपारात कसं निघंल? राधाकिशननं घसा खाकरला अन् गुफरानकडं वळला.

“अन् माझी भिंत कोरीच ठिवनार का, गुफरानभाई? उजेड हाय अजून.”

गुफराननं शिडी उचलली अन् पलीकडं नेली. बजरंगच्या मोठ्या पोरानं न सांगता चुना दिला. उज्मा दोरा निळीत बुडवाय लागली.

“दोरा ऱ्हाऊ दे,” गुफरान म्हनला.

“रेघ वाकडी जाईल की अब्बू.”

“जाऊ दे जरा.”

तो शिडीवर चढला. खाली उज्माच्या हातात त्याचा फोन वाजला. जलालुद्दीन व्हता.

“काय गं, काय ठरलं तुझ्या अब्बूचं? शिडी इकायची का मशीनवर दुसरा मानूस बगू?”

उज्मानं वर बगितलं. गुफरान दुसरा ‘ज’ लिवत व्हता, जीभ दातात धरून.

“दुसरा मानूस बगा चाचा,” ती म्हनली. “अब्बू शिडीवर हायत. लिवायलेत.”