अरुणाताईंचं तिसरं नाव

लीड्सच्या चर्च हॉलमध्ये केइकोबाई जपानी नाच शिकवत. शिष्या तयार झाली, की गुरूने अनुग्रह द्यावा तसं तिला आपल्या नाचाच्या घराण्याचं आडनाव आणि नवं नाव द्यायचं, ही त्यांची रीत. २००६ साली अरुणाताईंची पाळी आली, आणि त्यांना आपलं लग्न आठवलं. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात 'अरुणा' लिहून त्यांचं माहेरचं 'वरदा' पुसून टाकलं होतं.

"घे की! नाव बदलायची सवय आहेच तुला," त्यांचे यजमान श्रीकांतराव हसले.

ताई सरळ बाईंकडे गेल्या. "आडनाव घराण्याचं घेते, पण नाव वरदाच ठेवा."

"मला माझ्या गुरूंनी विचारलं नव्हतं, त्यांना त्यांच्या गुरूंनी नाही," बाई म्हणाल्या. "तू मागितलंस, बरं केलंस."

कार्यक्रमात वरदाच्या नावाचा पुकारा झाला. ते नाव केव्हाच विसरलेले श्रीकांतराव मात्र, रंगवलेल्या चेहऱ्यातली बायको न ओळखता, अरुणाची वाट बघत बसले.